दहा हजार पानांची पंगत

निकालाचा दिवस आहे. दुपारचा एक वाजायला दोन मिनिटे कमी आहेत. मोबाइलच्या पडद्यावर बैठक क्रमांक आधीच टाकून ठेवलेला आहे, आजीने देवापुढे साखरेची वाटी ठेवली आहे, आणि शेजारचे काका "लागला का रे?" असे तिसऱ्यांदा विचारून गेले आहेत. एक वाजतो. बोट बटणावर पडते आणि पडद्यावर एक लहानसे चाक फिरू लागते. ते फिरतच राहते. पाच मिनिटांनी कोणीतरी जाणकाराच्या थाटात सांगतो, "सर्व्हर डाऊन झालाय."

सर्व्हर म्हणजे इतर संगणकांनी मागितलेली माहिती त्यांना पुरवणारा संगणक. त्यावर बसून हे पुरवण्याचे काम करणाऱ्या आज्ञावलीलाही सर्व्हरच म्हणतात. हा सर्व्हर 'डाऊन' होतो म्हणजे नेमके काय होते? यंत्र जळते का? वीज जाते का? बहुतेक वेळा यांतले काहीही झालेले नसते.

थोडे गणित करू. एका बैठक क्रमांकाचा निकाल नीट लावून ठेवलेल्या यादीतून शोधून काढणे हे आजच्या संगणकाला अगदी किरकोळ काम आहे. उदार होऊन आपण त्याला त्यासाठी १ मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग देऊ. परीक्षेला १५ लाख विद्यार्थी बसले होते असे समजा. १५ लाख मिलिसेकंद म्हणजे १,५०० सेकंद, म्हणजेच २५ मिनिटे. एकाच प्रोसेसरने एकेक करून काम केले तरी सगळ्यांचे निकाल दीड वाजायच्या आत हातात पडायला हवेत! मग ते चाक संध्याकाळपर्यंत का फिरते? वेळ जातो कुठे?

मला याचे उत्तर पुस्तकाआधी स्वतःच्या फजितीतून मिळाले. काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांनी प्रयोगवहीच्या पानांची छायाचित्रे आमच्या विभागातल्या संगणकाकडे पाठवावीत, म्हणून मी एक लहानशी आज्ञावली लिहिली. प्रयोगशाळेत बसून दोघातिघांनी ती वापरून पाहिली, उत्तम चालली. वही देण्याच्या शेवटच्या रात्री मात्र दहा वाजल्यापासून माझा फोन वाजू लागला. "सर, जातच नाहीये." मी संगणक उघडून पाहतो तो प्रोसेसर जवळजवळ रिकामा! साठ विद्यार्थी खोळंबलेले आणि यंत्र आरामात. शोध घेता असे दिसले, की डोंगराकडच्या एका गावातून एक मुलगी छायाचित्र पाठवत होती. तिच्या फोनला सिग्नलची एकच काडी. चित्राचा एक तुकडा येई, मग अर्धा मिनिट काहीच नाही, मग आणखी एक तुकडा. माझी आज्ञावली इमानाने तिच्यासमोर हात पुढे करून उभी होती आणि उरलेले एकोणसाठ जण दाराबाहेर. चूक त्या मुलीची नव्हती आणि संगणकाचीही नव्हती. ती माझी होती. एकाचे पूर्ण झाल्याशिवाय दुसऱ्याकडे पाहायचेच नाही, असे मीच लिहून ठेवले होते.

आता हे 'वाट पाहणे' संगणकाच्या दृष्टीने केवढे असते ते पाहा. तुमचा फोन आणि सर्व्हर यांनी एकमेकांशी बोलायचे तर आधी त्यांच्यात जोडणी व्हावी लागते. ती तीन निरोपांनी होते. फोन म्हणतो, "बोलायचे आहे." सर्व्हर म्हणतो, "ऐकले, मीही तयार आहे." फोन म्हणतो, "ठीक." या तिसऱ्या निरोपाच्या पाठोपाठ खरी मागणी जाऊ शकते. म्हणजे कामाचा पहिला शब्द निघण्यापूर्वीच एक जा-ये खर्ची पडते. निरोप प्रकाशतंतूतून धावतो. काचेच्या या तंतूत प्रकाशाचा वेग निर्वातातल्याच्या सुमारे दोन तृतीयांश, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २ लाख किलोमीटर असतो. मुंबईहून सिंगापूर सरळ रेषेत सुमारे ३,९०० किलोमीटर आहे. तेव्हा तिथल्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला किमान ३९ मिलिसेकंद लागणारच. कितीही महागडी यंत्रे आणली तरी हा आकडा खाली येणार नाही. वाटेतली वळणे आणि मोबाइलचा टॉवर धरून आपण एका जा-येला ५० मिलिसेकंद मानू.

आपल्याला हे क्षणभर वाटते. पण ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरचे तेवढ्या अवधीत १५ कोटी ठोके पडतात. त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद असे मानले, तर ही एक जा-ये त्याला पावणेपाच वर्षांची वाटेल! पत्र टाकायचे आणि उत्तरासाठी पावणेपाच वर्षे दारात बसून राहायचे. सिग्नलची एकच काडी असेल तर त्याहून कितीतरी अधिक.

म्हणून सर्व्हर सुधारायचा म्हणजे त्याला अधिक वेगाने पळवायचे असा अर्थ नेहमी होत नाही. त्याने वाट कशी पाहावी हे ठरवणे, हाच या कामाचा मोठा भाग आहे. ठरावीक वेळात किती मागण्या निकालात निघाल्या याला आपण सर्व्हरचा 'उरक' म्हणू. घरात एखाद्या मावशींच्या कामाला उरक आहे असे आपण म्हणतो, त्याच अर्थाने. मावशी धावत नसतात; डाळ शिजेपर्यंत त्या कणीक मळून घेतात.

लग्नाच्या पंगतीचे उदाहरण घेतले की पुढचे सोपे होते. प्रत्येक पाहुणा म्हणजे एक जोडणी. वाढपी म्हणजे सर्व्हरमध्ये काम करणारी प्रक्रिया. माझ्या आज्ञावलीत वाढपी एकच होता आणि एका पाहुण्याचे जेवून होईपर्यंत दुसरे पान मांडायचे नाही असा नियम होता. असे लग्न कोणी पाहिले आहे का?

यावर सुचणारा पहिला उपाय राजेशाही आहे. दर पाहुण्यामागे एक वाढपी उभा करायचा. पाहुणा सावकाश जेवो की भरभर, त्याचा वाढपी त्याच्यापुरता. सर्व्हर लिहिणाऱ्यांनी बरीच वर्षे हेच केले. दर जोडणीला एक स्वतंत्र प्रक्रिया, किंवा तिच्यापेक्षा हलका असा एक 'थ्रेड'. पद्धत लिहायला सोपी, वाचायला सोपी, आणि पाहुणे शंभर-दोनशे असेपर्यंत उत्तम चालणारी.

पण पाहुणे किती असतील? मांडवात एका वेळी किती माणसे असतील हे सांगणारा एक फार सुंदर नियम आहे. मांडवात दर मिनिटाला १० माणसे येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी ३० मिनिटे थांबत असेल, तर कोणत्याही क्षणी आत सरासरी ३०० माणसे असणार. येण्याचा दर गुणिले थांबण्याचा काळ, बस्स! माणसे कोणत्या क्रमाने आली, कोण लवकर उठले, याच्याशी नियमाला काही देणेघेणे नाही. जॉन लिटल या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये त्याची गणिती सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. शिक्षकांनी तो ग्रंथालयाच्या दारात उभे राहून मुलांकडून पडताळून घ्यावा. तासाभराचे काम आहे.

आता हा नियम निकालाच्या दिवसाला लावा. दर सेकंदाला २,००० मागण्या येत आहेत. चांगल्या जोडणीवर प्रत्येकीचे काम दशांश सेकंदात आटोपते, म्हणजे एका वेळी आत २०० पाहुणे. पण गावोगावचे फोन, गर्दी झालेले टॉवर यांमुळे प्रत्येक जण सरासरी ५ सेकंद अडकला, तर तेच पाहुणे होतात १०,०००. येणारे वाढले नाहीत, त्यांना द्यायचे जेवणही वाढले नाही. फक्त जेवण्याचा वेग मंदावला आणि मांडव पन्नासपट मोठा लागू लागला.

दहा हजार पाहुणे म्हणजे दहा हजार वाढपी. त्यांनाही उभे राहायला जागा लागते. दर थ्रेडला स्वतःच्या नोंदींसाठी स्मृतीचा एक तुकडा राखून ठेवावा लागतो. तो १ मेगाबाइटचा धरला तर दहा हजारांना १० गिगाबाइट! शिवाय प्रोसेसर एका थ्रेडचे काम थांबवून दुसऱ्याचे हाती घेतो तेव्हा प्रत्येक वेळी काही मायक्रोसेकंद या अदलाबदलीतच जातात. वाढपी इतके झाले की ते एकमेकांनाच अडखळू लागतात, आणि पाहुणे उपाशीच.

डॅन केगेल या अमेरिकी प्रोग्रॅमरने १९९९ मध्ये नेमका हाच प्रश्न जगापुढे मांडला. एका सर्व्हरने एका वेळी दहा हजार ग्राहक का सांभाळू नयेत? त्याचा युक्तिवाद हिशेबाचा होता. त्या काळच्या चांगल्या यंत्रात एखादा गिगाबाइट स्मृती असे. ती दहा हजारांत वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १०० किलोबाइट येते. एका पाहुण्याचे जेवण त्यात सहज मावते. त्याच्यामागचा वाढपी मात्र मावत नाही. म्हणजे यंत्र कमी पडत नसून वाढण्याची रीत चुकते आहे! 'दहा हजारांचा प्रश्न' या नावाने हे कोडे प्रसिद्ध झाले.

त्याचे उत्तर आपल्या साध्या पंगतीत कधीपासून आहे. भाताचे पातेले घेतलेला एकच वाढपी साऱ्या रांगेला पुरतो, कारण तो कोणाच्याही पानापाशी थांबून राहत नाही. ज्याला हवे त्याला वाढतो आणि पुढे सरकतो. पाहुणा घास चावत असताना वाढपी दुसरीकडे असतो. संगणकातही एकाच प्रक्रियेने हजारो जोडण्या उघड्या ठेवायच्या. जिच्यावर काही आले असेल तिच्याकडे पाहायचे, असेल तेवढे काम उरकायचे आणि पुढे जायचे. तुकडा अर्धाच आला असेल तर तो बाजूला नोंदवून ठेवायचा, उरलेल्याची वाट पाहत उभे राहायचे नाही. माझ्या आज्ञावलीत हेच नव्हते.

मात्र 'जिच्यावर काही आले असेल ती' शोधायची कशी? इथे खरी मेख आहे. 'सिलेक्ट' नावाची जुनी सोय युनिक्सच्या बर्कली आवृत्तीत १९८३ पासून होती. तिची रीत अशी, की वाढप्याने रांगेच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत "भात? भात? भात?" असे प्रत्येकाला विचारत जायचे. पन्नास पानांना ठीक आहे. पण दहा हजार पाने आहेत आणि या क्षणी फक्त वीस जणांना भात हवा आहे असे समजा. वीस जणांना वाढण्यासाठी दहा हजार वेळा विचारणे आले, म्हणजे एका वाढण्यामागे पाचशे चौकश्या. आणि रांगेच्या टोकाला पोहोचलो की पुन्हा पहिल्यापासून! त्यातून सिलेक्टची यादी सहसा १,०२४ पानांपुरतीच असे.

नवी रीत अशी, की ज्याला हवे त्याने हात वर करावा. यजमान, म्हणजे संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम, वर झालेल्या हातांची यादी ठेवतो आणि वाढपी मोकळा झाला की ती त्याच्या हाती देतो. वीस हात वर, तर वीसच नावे. पाहुणे दहा हजार आहेत की एक लाख, याने वाढप्याच्या खेपा वाढत नाहीत. हात किती वर आहेत एवढ्यानेच वाढतात. फ्रीबीएसडी या प्रणालीत 'केक्यू' नावाने ही सोय २००० साली आली. लिनक्समध्ये 'ईपोल' नावाने ती २००२ मध्ये चाचणीच्या आवृत्तीत दाखल झाली आणि डिसेंबर २००३ च्या २.६ या आवृत्तीबरोबर सर्वांच्या हाती पडली. इगोर सिसोएव्ह या रशियन प्रोग्रॅमरने २००२ मध्ये याच तत्त्वावर 'एंजिनेक्स' नावाचा सर्व्हर लिहायला घेतला आणि २००४ मध्ये तो जगाला मोफत दिला. आज तुम्ही उघडता त्यांतली असंख्य संकेतस्थळे त्याच्या हातून वाढली जातात.

या रीतीला एक पथ्य आहे आणि ते मोडणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत. वाढप्याने कुठेही थांबता कामा नये. एखाद्या ओळखीच्या पाहुण्याशी तो गप्पा मारत बसला तर सारी पंगत खोळंबते. पूर्वी निदान त्या एकाच पाहुण्याचा वाढपी अडकला असता. आता सगळ्यांचाच अडकतो. म्हणून मोठी आकडेमोड असेल, डिस्कवरून काही वाचायचे असेल, दूरच्या दुसऱ्या संगणकाला काही विचारायचे असेल, तर ते काम स्वयंपाकघरातल्या निराळ्या माणसाकडे सोपवायचे आणि तयार झाल्यावर त्यानेही हातच वर करायचा. प्रोसेसरला आठ गाभे असतील तर आठ वाढपी ठेवावेत. ऐंशी ठेवून लाभ नाही.

राजेशाही पद्धत त्यामुळे मोडीत निघाली असे मात्र समजू नका. ऑपरेटिंग सिस्टिमच्या जड थ्रेडऐवजी भाषेनेच सांभाळलेले अगदी हलके थ्रेड देण्याची सोय आता अनेक भाषांत आहे. जावा भाषेत ती २०२३ मध्ये पक्की झाली. लिहिताना दर पाहुण्यामागे एक वाढपी दिसतो, आतून मात्र मोजकेच वाढपी हात पाहून धावत असतात.

आणखी एक गोष्ट जा-येच्या हिशेबातून निघते. एखाद्या पानावर चित्रे, अक्षरांचे साचे वगैरे मिळून ४० तुकडे आहेत. १९९६ साली लिहून ठेवलेल्या वेब-नियमांनुसार सामान्यतः प्रत्येक तुकड्यासाठी नवी जोडणी होई आणि तुकडा मिळताच ती तुटे. एकामागून एक मागवले तर नुसत्या जोडण्या करण्यातच ४० गुणिले ५० मिलिसेकंद, म्हणजे २ सेकंद गेले. भात वाढून झाला की पाहुण्याला उठवायचे आणि आमटीसाठी पुन्हा दारातून आत घ्यायचे, असला प्रकार! १९९७ च्या नियमांत जोडणी चालू ठेवणे ही नेहमीची रीत ठरली. २०१५ च्या नियमांनी एकाच जोडणीवरून अनेक तुकडे एकदम मागवण्याची सोय केली.

पण जोडणी चालू ठेवली की पाहुणा जेवण झाल्यावरही पानावर बसून राहतो. थांबण्याचा काळ वाढला, म्हणजे लिटलच्या नियमाने मांडवातली गर्दी वाढलीच. दर पाहुण्यामागे वाढपी असलेल्या सर्व्हरला हे परवडत नाही. हात पाहून वाढणाऱ्या सर्व्हरला बसून राहिलेला पाहुणा म्हणजे स्मृतीतले थोडेसे किलोबाइट. तो ते सोसतो. तरीसुद्धा किती वेळ गप्प बसलेल्याला उठवायचे याची मर्यादा घालावीच लागते. २००९ मध्ये 'स्लोलॉरिस' नावाची एक खोडकर आज्ञावली पुढे आली. लॉरिस हे एक अतिशय संथ चालणारे माकडासारखे प्राणी आहे. ही आज्ञावली शेकडो जोडण्या उघडून प्रत्येकीवर मागणीचा एकेक लहानसा तुकडा सवडीने पाठवत राही. एका साध्या संगणकाने एवढ्यावर भलेमोठे सर्व्हर अडवता येत. एक घास तासभर चावणारे पाहुणे सगळ्या पानांवर बसले तर दुसरे काय होणार?

आतापर्यंत आपण कामाअभावी रिकाम्या बसलेल्या सर्व्हरचे बोललो. आता खरोखरच कामात बुडालेल्या सर्व्हरकडे वळू. वाट पाहण्याची रीत सुधारली, वाढपी चपळ झाला. पण भात शिजण्याला मर्यादा आहेच.

या प्रश्नाचे गणित सर्व्हरहून कितीतरी जुने आहे. डेन्मार्कमधील आग्नर क्रारूप अर्लांग हा गणिती १९०८ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत नोकरीला लागला. किती तारा टाकल्या म्हणजे लोकांना फार ताटकळावे लागणार नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न. १९०९ मध्ये त्याने दाखवले, की टेलिफोनचे पुकारे यदृच्छेने येतात आणि या यदृच्छेलाही नियम असतो. १९१७ मध्ये त्याने आपली प्रसिद्ध सूत्रे मांडली. तार किती व्यापलेली आहे हे मोजण्याच्या एककाला १९४६ मध्ये 'अर्लांग' हे नाव दिले गेले. पुढे स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत टेलिफोन केंद्रांसाठी एक संगणकभाषा घडवली गेली. तिचेही नाव अर्लांग. व्हॉट्सअ‍ॅपने २०१२ मध्ये एकाच सर्व्हरवर वीस लाखांहून अधिक जोडण्या सांभाळल्याचे जाहीर केले, तो सर्व्हर याच भाषेत लिहिलेला होता. टेलिफोनच्या तारा मोजणाऱ्या गणित्याचे नाव असे तुमच्या खिशातल्या निरोपांपर्यंत येऊन पोहोचले आहे.

अर्लांगने घातलेल्या पायावर उभे असलेले एक साधे सूत्र पाहा. काम करणारा एकच आहे, गिऱ्हाइके यदृच्छेने येतात आणि प्रत्येकाच्या कामाला लागणारा वेळही यदृच्छेने कमीजास्त असतो. काम करणारा एकूण वेळाच्या 'प' इतका भाग गुंतलेला असेल, तर गिऱ्हाइकाला लागणारा सरासरी एकूण वेळ हा नुसत्या कामाच्या वेळेच्या १/(१−प) पट होतो. 'प' निम्मा असेल तर दुप्पट. ०.८ असेल तर पाचपट, ०.९ असेल तर दहापट, ०.९९ असेल तर शंभरपट! वहीत याचा आलेख काढा. बराच वेळ तो आडवा चालतो आणि मग भिंतीसारखा उभा राहतो. नव्वद टक्के गुंतलेला सर्व्हर पाहून "अजून दहा टक्के शिल्लक आहे" असे म्हणणाऱ्याने हा आलेख पाहिलेला नसतो.

आणि 'प' एकाच्या पुढे गेला तर? सर्व्हरचा उरक सेकंदाला १,००० मागण्यांचा आहे आणि एक वाजता सेकंदाला १,५०० येऊ लागल्या. दर सेकंदाला रांग ५०० ने वाढते. वीस सेकंदांनी रांगेत १०,००० मागण्या आहेत, म्हणजे नव्याने आलेल्याला १० सेकंद थांबणे आले. आता माणसाचा स्वभाव पाहा. दहा सेकंद चाक फिरले की बोट पुन्हा बटणावर पडते. पहिली मागणी सोडून दिली, दुसरी पाठवली. पण सर्व्हरच्या रांगेत ती पहिली मागणी तशीच उभी आहे! तिची पाळी येते तेव्हा सर्व्हर इमानाने निकाल शोधतो आणि ज्याने केव्हाच पाठ फिरवली आहे त्याला पाठवतो. यापुढे रांगेतल्या जवळजवळ प्रत्येक मागणीचे हेच होते. प्रोसेसर शंभर टक्के गुंतलेला, सेकंदाला हजार उत्तरे बाहेर पडत आहेत, आणि कोणाच्याही पडद्यावर निकाल नाही. पुन्हा पुन्हा बटण दाबल्याने मागण्या १,५०० वरून ३,००० वर गेल्या, तो भाग वेगळाच.

अशा वेळी रांग लांब ठेवणे हा उपाय नाही; रांग तोडणे हा आहे. रांगेत ५,००० हून अधिक मागण्या घ्यायच्या नाहीत असे ठरवले, तर आत आलेला कोणीही ५ सेकंदांहून जास्त थांबत नाही आणि सेकंदाला १,००० जणांना खरोखर निकाल मिळतो. उरलेल्या ५०० जणांना लगेच सांगायचे, "जागा नाही, थोड्या वेळाने या." वेबच्या नियमांत या नकाराला ५०३ हा क्रमांकसुद्धा दिलेला आहे. नकार मिळालेल्याला राग येतो हे खरे, पण मला विचाराल तर तो नकार म्हणजे त्या दिवशी सर्व्हरने केलेले सर्वांत प्रामाणिक काम असते. दारातली रांग किती लांब असावी हे ठरवणारा एक आकडा लिनक्समध्येही असतो. तो पुष्कळ वर्षे १२८ होता, २०१९ मध्ये ४,०९६ करण्यात आला. पुष्कळ जण हा आकडा वाढवून सर्व्हर सुधारला असे समजतात. क्षणभराचा लोंढा सोसायला त्याचा उपयोग होतो. सतत येणाऱ्या जादा मागण्यांपुढे तो फक्त रांग लांबवतो.

असे कोसळणे एकदा साऱ्या जाळ्यानेच अनुभवले आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि तिच्या शेजारचे बर्कली विद्यापीठ यांच्यामधील दुव्याचा उरक सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. चाळीस बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरे! दोन्ही ठिकाणांत अंतर होते सुमारे ४०० यार्ड, म्हणजे पावणेचारशे मीटरांच्या आत. एवढ्या वेळात माणूस चिठ्ठी हातात घेऊन चालत गेला असता. झाले होते ते आपल्या निकालासारखेच. निरोप पोहोचायला उशीर झाला की पाठवणारा संगणक तो हरवला असे समजून पुन्हा पाठवी, त्याने गर्दी वाढे, गर्दीने आणखी उशीर होई. व्हॅन जेकबसन या शास्त्रज्ञाने याचा छडा लावला आणि १९८८ मध्ये उपाय प्रसिद्ध केला. उत्तर आले नाही तर जोर लावायचा नाही, माघार घ्यायची. पुढच्या प्रयत्नापूर्वी दुप्पट थांबायचे, नंतर त्याच्याही दुप्पट. आणि वाट मोकळी दिसू लागली की हळूहळू वेग वाढवायचा. तुमच्या फोनमधले निरोप आजही ही शिस्त पाळतात. बटणावरचे बोट मात्र पाळत नाही.

चांगल्या आज्ञावल्या याला आणखी एक जोड देतात. १, २, ४, ८ सेकंद असे दुप्पट थांबतानाच त्यात थोडा यदृच्छ वेळ मिसळतात. कारण उघड आहे. एकाच क्षणी नकार मिळालेले दहा हजार फोन बरोबर चार सेकंदांनी परत आले, तर ते पुन्हा एकदमच दारावर आदळतील.

हे सारे वर्गात खेळून पाहता येते. १ ते १० आकड्यांच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाका आणि एक रिकामी वाटी व मूठभर खडे घ्या. वाटी म्हणजे रांग. दर खेपेला एक चिठ्ठी काढा. ती १ किंवा २ असेल तर वाटीत एक खडा टाका. चिठ्ठी डब्यात परत टाकून हलवा आणि दुसरी काढा. ती ५ किंवा त्याहून लहान असेल तर वाटीतला एक खडा, असल्यास, काढून घ्या. दर खेपेनंतर वाटीतले खडे मोजून आलेखावर बिंदू मांडा. अशा २०० खेपा करा. मग खडा टाकण्याची मर्यादा २ ऐवजी ४ करून पुन्हा २०० खेपा, आणि शेवटी ५ करून आणखी २००. खडा काढण्याची मर्यादा तिन्ही वेळा ५ च ठेवायची. पहिल्या खेळात वाटी बहुतेक वेळ रिकामी दिसेल. दुसऱ्यात ती मधूनमधून भरेल आणि पुन्हा रिकामी होईल. तिसऱ्यात येणारे आणि जाणारे सरासरीने सारखेच असूनही रांग वाटेल तशी भरकटेल, आणि दोन तुकड्यांनी काढलेले आलेख एकमेकांशी मुळीच जुळणार नाहीत. त्या खेळासाठी खडे जास्त आणून ठेवा.